उज्जैनला आम्ही फक्कीच्या घरात राहून आलो

निवृत्त झाल्यापासून माझा नवरा सुधीर घर काढतोय. बांधत नाही, काढतोय. भोरजवळ आमची थोडी जमीन आहे. तिथे मातीचं, चुन्याचं घर बांधून कायमचं राहायला जायचं असं त्याच्या मनाने घेतलंय, आणि जेवण झालं की तो आलेखाच्या कागदावर त्या घराला एक खोली वाढवतो. मी पुण्यातला फ्लॅट सोडायला अजिबात तयार नव्हते. भिशी, भाजीवाली, लिफ्ट सगळं हाताशी असताना साठीनंतर खेड्यात कशाला जायचं? शेवटी आमच्यात तह झाला. त्याची भाची मैथिली उज्जैनला आर्किटेक्ट आहे. जुन्या इमारतींची डागडुजी करते आणि आसपासच्या गावांत मातीची घरं बांधते. तिला आराखडा दाखवायचा, तिचं काम बघायचं आणि परत आल्यावर मी हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर जमीन विकायची. सुधीरला माझ्या होकाराची खात्री होती आणि मला नकाराची, म्हणून आम्ही दोघंही आनंदाने निघालो.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने इंदूर आणि तिथून बसने उज्जैन. रस्ता चांगला आहे, बसही सारख्या मिळतात. देवास गेटच्या बसस्टँडवर उतरल्यावर ई-रिक्षा करा, पण भाडं बसण्याआधी ठरवा आणि कशासाठी आलात ते सांगू नका. आमच्या रिक्षावाल्याने दर्शनाचं विचारलं, तर सुधीर ऐटीत म्हणाला, "हम मकान देखने आए हैं." झालं. त्याने आम्हाला फ्रीगंज भागात सोडण्याआधी दोन नव्या कॉलन्या दाखवल्या आणि एका प्लॉटच्या मालकाला फोनही लावला.

टॉवर चौकात सकाळी शेव पेरलेले पोहे आणि जिलबी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुधीरला साखरेचा त्रास असल्यामुळे त्याने पोहे खाल्ले आणि जिलबीकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. विषय संपला.

मग मैथिलीने तिचं चालू काम दाखवलं. घाटाजवळची छोटी जुनी धर्मशाळा. कुणीतरी मधल्या काळात तिच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता, त्यामुळे ओल आत कोंडून दगड झडायला लागले होते. मैथिलीची माणसं तो खरवडून चुन्याचा गिलावा देत होती. चुन्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर आणि मेथी घालतात. एवढ्या मोठ्या पिंपात गूळ विरघळताना बघून सुधीरचा चेहरा पडला. भिंतीला चालतो आणि मला नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. मी मात्र हात लावून बघितला. भिंत गार होती आणि छान वाटली. हे मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याने आराखडा उलगडला. मैथिली तो बघून म्हणाली, "मामा, उद्या सकाळी ह्या घरात राहायला चला. मामी, तुम्ही चहा बरोबर घ्या, थर्मासमध्ये."

ही तिची कामाची पद्धत आहे. बांधण्याआधी ती आराखडा खऱ्या मापात जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखते आणि मालकाला त्यात अर्धा दिवस राहायला लावते. शहराबाहेर एका गावात ती रामप्रसादजी नावाच्या शेतकऱ्याचं घर बांधतेय. त्याच्याशेजारच्या मोकळ्या मैदानात तिने आमचं घर आखलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाने घर नाही, बँकेची शाखा काढली होती. अभ्यासिका म्हणजे साहेबांची केबिन. स्वयंपाकघर अगदी मागे, आणि जेवणघराकडे पदार्थ सरकवायला एक खिडकी. मी तिथे उभी राहिले तेव्हा मला कॅशियर असल्यासारखंच वाटायला लागलं.

सुधीर भिंतींना फार जपत होता. फोन हॉलमध्ये राहिला म्हणून तो मोकळ्या मैदानातून तीन दारं फिरून गेला, तोवर रिंग बंद झाली. एक बकरी बेडरूममध्ये शिरली, तर तिला त्याने रीतसर दारातून बाहेर काढलं. गाव बघायला जमलं होतं.

मग रामप्रसादजी आले. चपला काढून, फक्कीच्या रेषेबाहेर उभे राहून त्यांनी कौतुकाने सगळं बघितलं आणि विचारलं, "और ओटला किधर है, साब?"

ओटला म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा. सुधीरने सांगितलं की ओटला नाही, फाटकाला घंटी आहे आणि वर कॅमेरा आहे. रामप्रसादजींनी मान हलवली आणि फाटकाबाहेर जमिनीवरच बसले. आलेल्या माणसाला चहा नको का? मी थर्मास घेऊन निघाले. जेवणघर, बोळ, हॉल, फाटक. पोचेपर्यंत पाय भरून आले, म्हणून मीही तिथेच बसले. त्यांची सून आली, शेजारची बाई आली. मिरच्या कुठे वाळवता, सूनबाईंशी पटतं का, पुण्यात पाणी किती वेळ येतं. मला मजा वाटायला लागली. खेड्यात मी इतका वेळ बसेन असं मला वाटलं नव्हतं.

"चहा झाला का?" केबिनमधून हाक आली.

मी वळून बघितलं. भर उन्हात, चार रेषांच्या मधोमध सुधीर एकटाच खुर्चीत बसला होता. बँकेत दिवसभर त्याच्यासमोर माणसं असायची. आता कुणी येत नाही, आणि हा त्यांची केबिनमध्ये वाट बघत बसायची तयारी करतोय. मला फार वाईट वाटलं.

"झालाय," मी म्हटलं, "पण इथे आहे."

तो उठला. दाराकडे वळला, आमच्याकडे बघितलं, आणि सरळ केबिनची, बोळाची, हॉलची भिंत तुडवत आला आणि माझ्याशेजारी मातीत बसला. मैथिली मागून आली आणि तो जिथून आला तिथल्या रेषा पायाने पुसून टाकल्या.

जाणार असाल तर थंडीत जा, दर्शनाच्या गर्दीमुळे सोमवार टाळा, दाल आणि तुपात बुडवलेले बाफले दुपारीच खा, कारण नंतर झोप ठरलेली आहे. आम्ही येताना गूळ आणला नाही.

पुण्यात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सुधीर माझा रांगोळीचा डबा घेऊन गच्चीवर गेला. मी मागोमाग गेले. तो रांगोळीची चिमूट धरून नुसताच उभा होता. उत्तर द्यायचं राहिलं होतं ना माझं. मी डबा त्याच्या हातातून घेतला, सगळ्यात आधी ओटला आखला आणि त्यावर बसले. सुधीर रेषेबाहेर चपला काढून उभा राहिला.

"येऊ का?" त्याने विचारलं.

मी सरकून जागा केली.