चारशे बारावं कार्ड

देगवेकरांच्या घरात सही करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे दिगंबर देगवेकर. टॅक्सचे कागद, गाडीचे कागद, मुलीच्या शाळेच्या सहलीचं परवानगीपत्र, सगळीकडे त्यांचीच ती लफ्फेदार सही, खाली दोन टिंबं देऊन. औषधांच्या एका कंपनीत ते संशोधक होते, दोन पेटंटांवर त्यांचं नाव होतं, आणि हे अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरमधल्या प्रत्येक मराठी माणसाला निदान तीनदा सांगून झालं होतं. बायकोच्या नोकरीचा अर्जसुद्धा त्यांनीच भरला. म्हणाले, "तिला फॉर्म कळत नाहीत." कॉलेजच्या लायब्ररीत जी बाई दिवसभर रजिस्टरंच वाचणार होती, तिला म्हणे फॉर्म कळत नाहीत! मी त्यांच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. असल्या वाक्यांवर मी तेव्हा हसून मान डोलवत असे, त्याची आज लाज वाटते.

त्यांची बायको लतिका मूळची सांगलीची. इतिहासात एम.ए., तेही फर्स्ट क्लास, पण ते तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. एकाहत्तर साली लग्न करून इथे आली आणि पुढची बारा वर्षं तिने पोळ्या लाटल्या, मुलगी वाढवली आणि मंडळाच्या गणपतीत शंभर माणसांचा मसालेभात रांधला. बोलायची कमी. पण नवी बाई भेटली की तिचा एक प्रश्न ठरलेला, "माहेरचं आडनाव काय?" तिची मुलगी रुपाली चारचौघांत वैतागायची, "मॉम, नोबडी आस्क्स दॅट!" लतिका ते ऐकून घ्यायची आणि पुढच्या बाईला तेच विचारायची. कोण कुणाची नणंद, कोण कुणाची मावसबहीण, बफेलोपासून ह्यूस्टनपर्यंतचा सगळा गोतावळा तिच्या डोक्यात पक्का होता. आम्ही बाकीच्या तिला मागून हसायचो. काकूबाई म्हणायचो.

त्र्याऐंशी साली तिला लायब्ररीच्या तळघरात काम मिळालं. जुन्या कोर्टांच्या रजिस्टरांच्या मायक्रोफिल्म यंत्रावर फिरवायच्या आणि नोंदी उतरवून काढायच्या. ही रजिस्टरं कॉपीराइटची. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत पुस्तकाचा हक्क हवा असेल, तर छापण्याआधी त्याचं नाव कोर्टात नोंदवावं लागे. कारकून लिहायचा की अमुक इसमाने अमुक पुस्तकाचं शीर्षक जमा केलं असून 'लेखक' म्हणून, किंवा 'मालक' म्हणून, तो त्यावर हक्क सांगतो आहे. आणि लग्न झालेल्या बाईचं कायद्याने स्वतःचं असं जवळजवळ काहीच नसायचं. तिच्या पातेल्यांपासून तिने लिहिलेल्या पुस्तकापर्यंत सगळं नवऱ्याचं. म्हणजे मुलं निजवून लिहायचं हिने, आणि कोर्टात हॅट काढून 'मालक' म्हणून उभं राहायचं त्याने. पुस्तकावर छापलेलं असायचं, 'एका बाईंनी लिहिलेले'. कुठल्या बाईंनी, ते शेजारणींना विचारा. पुढे एकेका राज्याने कायदे बदलले, पण तोवर रजिस्टरं भरून गेली होती.

या लुटीवर त्याच कॉलेजातल्या डॉ. एलिनॉर व्हिटकोम पुस्तक लिहीत होत्या. बाई नामांकित. गळ्यात बोराएवढ्या मण्यांची माळ, खांद्यावर कुठल्यातरी गरीब देशातली शाल आणि तोंडात सदैव 'सिस्टरहुड'. तीन ग्रँट आणि चार वर्षं घालवून बाईंना रजिस्टरांत लेखिका सापडल्या होत्या अडतीस. कारण त्या रजिस्टरांत बायकांची नावं शोधत होत्या. बायकांची नावं पुसली गेली म्हणून व्याख्यानं द्यायची आणि पुसल्या जागी तीच नावं शोधत बसायचं, याला विद्वत्ता म्हणतात.

लतिकाने नवऱ्यांपासून सुरुवात केली. एझ्रा क्रॅन्स्टन नावाच्या एका माणसाने मुलांच्या भूगोलाचं पुस्तक 'मालक' म्हणून नोंदवलं होतं. धंदा काय, तर खोगिरं शिवणं. लतिका मनाशी म्हणाली, हा कशाला नद्या-पर्वत शिकवतोय? याची बायको कोण, आणि माहेरची कोण? चर्चच्या लग्नाच्या नोंदीत बायको सापडली, फीबी. माहेरचं आडनाव सापडलं. त्या आडनावावरून तिचे वडील सापडले, ते शाळामास्तर निघाले, आणि त्यांच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं की घरातला पृथ्वीचा गोल आणि नकाशे थोरल्या फीबीला द्यावेत. भूगोलाच्या प्रस्तावनेत त्याच गोलाचे आभार होते. ज्या प्रश्नावर आम्ही हसत होतो, त्या प्रश्नाने एक अख्खी बाई उकरून बाहेर काढली.

लतिकाने ते व्हिटकोमबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "फॅसिनेटिंग! अजून असतील का हो?" आणि काम तिच्या गळ्यात घालून शालीसकट परिषदेला निघून गेल्या.

पगाराच्या वेळेत हे करायची परवानगी नव्हती. म्हणून लतिका जेवणाच्या सुट्टीत करायची, शनिवार-रविवारी गाडी घेऊन गावोगावच्या चर्चांत आणि कोर्टांत जायची, आणि घरी डायनिंग टेबलावर बसून नोंदी जुळवायची. लायब्ररीत तेव्हा कॉम्प्युटर येत होता आणि कॅटलॉगची जुनी कार्डं गठ्ठ्यांनी कचऱ्यात जात होती. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती लिहायची. एका बाईला एक कार्ड. लिहायची मराठीत, कारण हात त्यातच भरभर चालायचा. नाव, माहेरचं आडनाव, पुस्तक, हक्क कुणी सांगितला, तारीख. 'न.' म्हणजे नवरा, 'भा.' म्हणजे भाऊ, 'प्र.' म्हणजे प्रकाशक. पावणेतीन वर्षांत चारशे अकरा बायका झाल्या. दिगंबरराव पाहुण्यांना सांगायचे, "हिला काहीतरी छंद हवाच होता."

एवढ्या सगळ्यातून तिला एकच गोष्ट हवी होती. पुस्तकाच्या शेवटी ही यादी छापली जाणार होती, तिच्यावर तिचं नाव असावं. 'यादी: लतिका देगवेकर', बस. तिने व्हिटकोमबाईंना तसं विचारलं, आणि बाई म्हणाल्या, "ऑफ कोर्स, डिअर!" हे मला सांगताना तिचे कान लाल झाले होते. आणि मी, अतिशहाणी, काय म्हणाले? म्हणाले, "अगं, नाव कशाला हवंय? काम झालं ना, सॅटिस्फॅक्शन मिळालं ना?"

ती म्हणाली, "सुचित्रा, त्या चारशे अकरा जणींनाही त्यांच्या मैत्रिणी हेच सांगत असणार."

मला राग आला. खरं म्हणजे झोंबलं.

शहाऐंशीच्या एप्रिलात जाड पाकीट आलं. आत पुस्तकाची टाइप केलेली शेवटची प्रत. आभार दीड पानभर होते. त्यात बाईंच्या दोन मांजरांची नावं होती, ज्यांच्या समुद्रकाठच्या घरात बसून लिहिलं त्या मित्रांची नावं होती, आणि तळाला होतं, 'लायब्ररीच्या कर्मचाऱ्यांचेही आभार'. यादीची पानं कार्डं मिळेपर्यंत कोरी ठेवली होती, पण त्यांच्या माथ्यावर नाव होतं डॉ. एलिनॉर व्हिटकोम. सोबत एक कागद होता, की ही यादी करणारी व्यक्ती तिचे सर्व हक्क डॉ. व्हिटकोम यांना देत आहे. खाली सहीसाठी रेघ.

पाकीट लतिकाच्या नावाचं होतं. पण घरातली पाकिटं फोडण्याचं खातंही दिगंबररावांकडेच. त्यांनी फोडलं, कागद बघितला, सही ठोकली, खाली दोन टिंबं दिली, आणि नीट कळावं म्हणून कंसात इंग्रजीत लिहिलं, 'हज्बंड'. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पोस्टात टाकून मोकळे झाले. हे सगळं त्यांनी रात्रीच्या जेवणात वरण वाढून घेताना सांगितलं. "फॉर्मॅलिटी होती. मी हँडल केलं."

दोन दिवसांनी ती माझ्या दारात आली तेव्हा तिने कोट उलटा घातला होता. म्हणाली, "सही झाली माझी. त्यांनी केली."

"पण ती चालणार कशी? कायदा आहे ना आता?"

"आहे ना. ज्याचं काम, त्याचीच सही लागते. मी व्हिटकोमबाईंना फोन करून तेच सांगितलं."

"मग?"

"म्हणाल्या, 'पब्लिशरने कागद घेतलाय, डोन्ट वरी. शनिवारी कार्डं न्यायला येते.'"

बायकांच्या कामावर नवऱ्यांनी सह्या केल्या म्हणून ज्या बाईने तीनशे पानं टाहो फोडला, तिच्या हातात नेमका तसाच कागद आला, आणि बाईंना तो सोयीचा वाटला! दिगंबररावांचं एक वेळ समजू शकते. ते अडाणीच होते, दोन पेटंटं असलेले अडाणी. हिला तर सगळं पाठ होतं. त्या दिवशी मला त्या दोघांची किळस आली, आणि थोडी माझीही.

शनिवारी दुपारी बाई आल्या. दिगंबररावांनी ब्लेझर घातला होता. मी भजी तळायला म्हणून गेले होते, खरी गेले होते ती लतिका एकटी पडू नये म्हणून. ती मात्र शांत होती. तिने बुटांचं खोकं आणून टेबलावर ठेवलं. बाईंनी उत्साहाने झाकण उघडलं, चार कार्डं उलटीसुलटी केली आणि त्यांचा चेहरा पडला.

"व्हॉट लँग्वेज इज धिस?"

"मराठी," दिगंबरराव छाती फुगवून म्हणाले. "नो प्रॉब्लेम! आय विल ट्रान्सलेट."

"तुम्ही किती मदत करता हिला!" बाई म्हणाल्या. हे सगळं इंग्रजीत. त्यांनी वही उघडली. "शेवटची काही वाचून दाखवा, म्हणजे मला पद्धत कळेल."

दिगंबररावांनी गठ्ठ्याच्या तळाची चार कार्डं घेतली, चष्मा लावला आणि सुरुवात केली. पहिल्यालाच अडले. "अगं, हे 'न.' म्हणजे काय?"

"नवरा," लतिका म्हणाली.

"हज्बंड!" त्यांनी बाईंना सांगितलं. मग सूर लागला. नाव मार्था, माहेरचं आडनाव अमुक, पुस्तक घरगुती औषधांचं, हक्क सांगणारा हज्बंड. नाव हॅना, पुस्तक भजनांचं, हक्क सांगणारा हज्बंड. तिसरी कुणी ल्युसिंडा, तिचाही हज्बंड. दर वेळी बाई च्‌च्‌ करायच्या आणि लिहायच्या. दिगंबररावही च्‌च्‌ करायला लागले होते. चौथं कार्ड घेतलं आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

बाईंनी मान वर केली नाही. "येस? नेम?"

दिगंबररावांनी लतिकाकडे पाहिलं. ती खुर्चीवर सरळ बसली होती. कार्डाकडे न बघता ती स्वच्छ इंग्रजीत बोलायला लागली. "नाव लतिका. माहेरचं आडनाव आपटे. काम, चारशे अकरा लेखिकांची यादी. हक्क कुणी दिला, तर नवऱ्याने. तारीख बावीस एप्रिल, एकोणीसशे शहाऐंशी."

बाईंचं पेन 'हज्बंड'पर्यंत सवयीने चालत गेलं आणि मग थांबलं. स्वयंपाकघरात माझं तेल धुरकटलं होतं, पण मी दारातून हलले नाही. दिगंबररावांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. पालथं ठेवल्यावर वर आली ती लायब्ररीने टाकून दिलेली बाजू, म्हणून त्यांनी ते परत सुलटं केलं.

शेवटी व्हिटकोमबाईंनी मान वर केली. त्या शरमल्या असतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! त्यांचे डोळे चमकत होते.

"लतिका, दॅट्स ब्रिलियंट!" त्या म्हणाल्या. "मे आय यूज इट? माझ्या प्रस्तावनेची सुरुवातच याने करते."

लतिकाने त्यांच्या हाताखालून खोकं ओढून घेतलं आणि झाकण लावलं.

"नो," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे फोन येत राहिले. दिगंबरराव घेत आणि मुकाट्याने तिच्या हातात देत. मग नवा कागद आला, पाकीट न फोडता तिच्या ताटाशेजारी ठेवलेला. तिने तो दोनदा वाचला, एक ओळ खोडून परत पाठवला, पुन्हा आला तेव्हा सही केली. यादी तिच्या नावाने छापली गेली आणि हक्कही तिचाच राहिला. आभारांत व्हिटकोमबाईंची मांजरं मात्र कायम आहेत.

यादीत बायका चारशे अकराच आहेत. चारशे बारावं कार्ड लतिकाने फ्रिजच्या दारावर चिकटवलं आहे, आणि दिगंबररावांना चहात दूध लागतं दिवसातून चार वेळा.