निरोप शाबूत होता

सरांचा मला आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

अकोल्याला मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय संत्र्याच्या बहाराचा. संत्र्यात एक जनुक फुलोरा रोखून धरतं. जनुकावरून आधी एक निरोप निघतो, पेशी तो वाचते आणि प्रथिन बनवते. माझं म्हणणं असं, की मायक्रोआरएनए नावाचा बारकासा तुकडा त्या निरोपाला चिकटतो, प्रथिन बनू देत नाही आणि मग झाड फुलतं. मोर्शीजवळच्या आमच्या बागेतली पानं बर्फात घालून मी एसटीनं न्यायची.

आमच्या प्रयोगशाळेत फक्त निरोप मोजायची पद्धत. झाडांत मायक्रोआरएनए निरोप कापूनच टाकतो, असं सरांनी कधीतरी वाचलं होतं आणि तिथंच त्यांचं वाचन संपलं होतं. माझ्या फुललेल्या फांद्यांच्या पानांत निरोप भरपूर निघाला, न फुललेल्यांइतकाच. सरांनी सगळ्यांसमोर निकाल लावून टाकला.

"निरोप पुरा हाय. मंग मायक्रोआरएनएनं केलं काय? काहून टाइम खराब करून राहिली?"

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत विनवण्या करून मी त्याच पानांतलं प्रथिन तपासून आणलं. न फुललेल्यांत प्रथिनाचा ठसठशीत पट्टा उमटला, फुललेल्यांत जवळजवळ काहीच नाही. निरोप शाबूत, पण वाचलाच गेला नव्हता. सरांनी पट्टे खिडकीशी धरून दोनदा पाहिले. त्यांना कळलं होतं, चांगलंच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हे प्रकरण प्रबंधातून काढ, नाहीतर सही विसर. माझ्या कामाचा सगळा अर्थ त्याच प्रकरणात होता. दातओठ खात मी ते काढलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच विचारलं: निरोप सारखाच, तर झाड फुललं कशानं? सर मध्येच म्हणाले, हवामानानं.

"हवामानानं नाही," मी म्हटलं. "निरोप होता, पण त्याचं प्रथिन बनू दिलं गेलं नाही. पुरावा माझ्याकडे आहे. सरांनी तो काढायला लावला."

बाईंनी पट्टे मागवले, बराच वेळ पाहिले आणि प्रकरण परत घाला म्हणाल्या. सरांनी मान हलवली, जणू ही सूचना त्यांचीच.

निकाल सांगितल्यावर विद्यार्थ्यानं आधी मार्गदर्शकांच्या पाया पडायचं, मग पेढे वाटायचे, अशी आमच्याकडची रीत. सर हसत पुढे येऊन उभे राहिले. फोटो काढणाराही तयार होता. मी पेढ्यांचा डबा सरांच्या हातात दिला, त्यांना ओलांडून गेले आणि बाईंच्या पाया पडले.