इंगळे साहेबांचं पापलेट

तोंडातला चहा गिळून घ्या आधी, मग सांगते. मागे माझ्या नणंदेला सांगत होते, तर तिला असा ठसका लागला की काही केल्या थांबेना. एरवी हे मी कुणाला सांगत नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगते, आणि ते घरातच ठेवा.

माझा बोईसरच्या वसाहतीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. औषधवाले माझी खोकी नेतात, आमच्या चिंचणीकडचे चिकूवाले नेतात. हल्ली मात्र 'माझा खोक्यांचा धंदा आहे' असं सांगितलं की समोरचा चमकून बघतो. एक खोका म्हणजे एक कोटी, हे आता शाळेतल्या पोरांनाही कळतं. पण माझी खोकी रिकामी जातात हो. आत काय भरायचं ते ज्याचं त्याने बघावं.

तर झालं काय, आमच्या कारखानदारांच्या संघटनेने आणि सरकारी खात्यांनी मिळून एक मोहीम सुरू केली. आम्ही लाच देणार नाही, ते घेणार नाहीत, आणि कुणी मागितलीच तर दोघांनी मिळून त्याला धरायचं. कल्पना चांगली होती, अजूनही चालू आहे. बोईसरला सभा झाली, आम्ही कारखानदार एका बाजूला आणि अधिकारी दुसऱ्या बाजूला अशी सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि जास्त प्रश्न विचारत होते, म्हणून मला समितीवर घेतलं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की मला गप्प बसवायचा तोच एक मार्ग त्यांना दिसला असावा.

मग आम्हा समितीवाल्यांसाठी एक शिबिर झालं. शिकवायला एक निवृत्त पोलीस अधिकारी आले होते, झुपकेदार मिशांचे. ते म्हणाले की आता कुणी सरळ पैसे मागत नाही. कुणी पेढे म्हणतो, कुणी आंबे म्हणतो, प्रत्येक भागाचा आपला शब्द असतो. 'तुमच्याकडे समुद्र आहे,' ते हसत म्हणाले, 'तुमच्याकडे कदाचित मासे म्हणत असतील.'

सगळे हसले. मी मात्र ते मनात पक्कं लिहून घेतलं. तिथेच माझं वाटोळं झालं.

त्या दिवसापासून मला जो तो लाच मागतोय असं वाटायला लागलं. मीटर बघायला आलेला माणूस उन्हातून आला म्हणून 'ताई, चहा मिळेल का' म्हणाला, तर मी त्याला मोहिमेचं पत्रक वाचून दाखवलं. बिचारा पाणीही न पिता गेला. पोस्टमनने दिवाळीची आठवण करून दिली, तर त्याला म्हटलं, तुमचं नाव लिहून द्या. नवरा वाडीतून चिकू घेऊन आला आणि म्हणाला की हे तलाठ्याकडे देऊन येतो. मी पिशवी काढून घेतली. तलाठी म्हणजे त्याचा सख्खा मावसभाऊ, पण मी ऐकलं नाही.

याच सुमारास माझ्या नव्या शेडची परवानगी अडकली होती. नवं मशीन येऊन ताडपत्रीखाली पडलं होतं. मनोरकडच्या पाड्यांवरच्या बायका मी त्याच्यासाठी शिकवून तयार केल्या होत्या. भाताची कापणी झाली की त्यांची घरं वीटभट्टीवर जातात, वर्षभर इथेच काम मिळालं तर जाणार नव्हत्या. त्यांतली एक, सुंदर नावाची, रोज यायची, दारातूनच विचारायची, 'ताई, कदी चालू?' परवानगीशिवाय मशीनचं बटण दाबता येत नव्हतं, आणि कापणी तर तोंडावर आलेली. मला झोप लागेना.

अखेर तपासणीला अधिकारी आले. इंगळे साहेब. अकोल्याकडचे, नुकतीच बदली होऊन पालघरला आलेले. बरोबर त्यांचा लिपिक. माणूस शांत, सगळं नीट बघितलं. मागचं दार आत उघडतं ते बाहेर उघडलं पाहिजे, आग लागली तर लोक दारावर चेंगरतील, एवढंच म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. मी चहाबरोबर पॅटिस मागवले होते, कुणी मागितले नव्हते म्हणून ते चालतात असा माझा हिशोब. त्यात अंडं होतं. साहेबांनी हात जोडले. म्हणाले, घरी आई माळकरी आहे, आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही.

हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

निघताना लिपिक जीपकडे गेला. साहेब मागे रेंगाळले. इकडेतिकडे बघितलं, माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, 'मॅडम, पापलेटचा भाव काय चाललाय सध्या?'

आता तुम्हीच सांगा. ज्याच्या घरी अंडं चालत नाही, तो माणूस कुजबुजत पापलेटचा भाव विचारतो. तुम्हाला काय वाटलं असतं? माझ्या तर डोळ्यांपुढे त्या मिशा उभ्या राहिल्या.

शिबिरात सांगितलं होतं की घाबरायचं नाही, नकार द्यायचा नाही, माणसाला बोलतं ठेवायचं. मी विचारलं, किती मोठं हवं? साहेबांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. एवढं जाड पुडकं, मी मनात म्हटलं. वर म्हणाले, मी इथे नवीन आहे, भावाचं मला काही कळत नाही, तुम्ही इथल्याच, तुम्हाला सगळं माहीत असेल. आणि मग लिपिकाकडे बघून म्हणाले, 'याला मात्र कळता कामा नये.'

साहेब गेले आणि मी आधी ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. पण खोटं कशाला बोलू, आतून थोडा आनंदही झाला होता. मोहिमेतला पहिला मासा माझ्याच गळाला लागला होता ना.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो विळीवर भेंडी चिरत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याला पापलेट हवं असेल. मी म्हटलं, तुला जग कळत नाही.

मग मी ते केलं जे मला कुणीही करायला सांगितलं नव्हतं. पुरावा पाहिजे, असं शिबिरात म्हणाले होते. म्हणून मी साहेबांना मोबाइलवर संदेश पाठवला. त्यांनी लेखी कबूल करावं, असा माझा डाव. फार विचार करून लिहिलं: 'नमस्कार साहेब. शेडच्या परवानगीचं तेवढं बघा. काम झालं की मोठं पापलेट खोक्यात घालून घरपोच करू. कुणाला कळणार नाही.'

साहेबांनी वाचलं. निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, किती मुरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या संघटनेचे अध्यक्ष मेहताकाका यांना घेऊन मी पालघरला लाचलुचपतवाल्यांच्या ऑफिसात गेले. तिथे एक निरीक्षक बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच, बोलणं अगदी कमी. मी सगळं सांगितलं, अंड्यासकट. त्या ऐकत होत्या. अध्येमध्ये पेन थांबायचं आणि त्या माझ्याकडे बघायच्या. मला वाटलं, माझ्या निरीक्षणशक्तीचं कौतुक चाललंय.

त्यांनी विचारलं की पापलेट म्हणजे नक्की काय, हे कशावरून ठरवलं. मी म्हटलं, मॅडम, तो सांकेतिक शब्द आहे. त्या म्हणाल्या की आधी पडताळणी होईल, मी इथूनच त्यांना फोन लावायचा, ते जे बोलतील ते रेकॉर्ड होईल. आणि उठून शेजारच्या खोलीत काहीतरी सांगून आल्या. येताना त्यांचा चेहरा थोडा वेगळा दिसला, पण मी तेव्हा कुठली लक्ष देते? मी फोन लावला.

शेजारच्या खोलीत टाळमृदंग वाजायला लागला.

मी दुसरा कान बोटाने बंद केला. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये नुसता प्लायवूडचा पडदा होता, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. टाळमृदंग थांबला आणि फोनवर साहेबांचा 'हॅलो' आला. तोच 'हॅलो' प्लायवूडमधूनही आला. मेहताकाकांनी मान वळवली. मी नाही वळवली. मी कामात होते.

'साहेब, पापलेटचं काय ठरलं?' मी विचारलं.

'तुम्ही म्हणाल तसं, मॅडम,' साहेब म्हणाले.

'मोठंच ना?'

'मोठंच. पण खोक्यात किती भरणार, ते जरा स्पष्ट बोला.'

'ते तुम्ही स्पष्ट बोला, साहेब.'

'नाही मॅडम. आधी तुम्ही.'

असं आमचं दोनदा-तीनदा झालं. शेवटी निरीक्षक बाई उठल्या आणि त्यांनी मधलं दार उघडलं.

पलीकडे इंगळे साहेब बसले होते. कानाला फोन, समोर रेकॉर्डर, शेजारी एक हवालदार. सकाळपासून माझ्याविरुद्ध तक्रार लिहून देत होते. माझा संदेश वाचल्यावर त्यांना रात्रभर झोप नव्हती. पापलेट त्यांना कळलं होतं, पण 'परवानगी' आणि 'खोका' हे दोन शब्द एका ओळीत बघून माणूस घामाने भिजला होता. आयुष्यात कुणाचा एक पैसाही न घेतलेला माणूस, आणि त्याच्या मोबाइलवर एका बाईने लिहून पाठवलेलं की काम झालं की खोका घरपोच. त्यांनाही अधिकाऱ्यांच्या शिबिरात त्याच मिशांनी शिकवलं होतं की आता कुणी सरळ पैसे देऊ करत नाही.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. फोन दोघांच्याही कानाला तसेच.

'मॅडम,' साहेब शेवटी म्हणाले, आणि त्यांची अकोल्याची बोली बाहेर आली, 'मले फक्त मच्छी पाहिजे होती हो.'

मग सगळं बाहेर पडलं. साहेबांची आई महिनाभर त्यांच्या बहिणीकडे जाणार होती. साहेबांच्या बायकोला लग्नाआधी मासे फार आवडायचे, लग्न झाल्यापासून तिने ते तोंडाला लावलेले नव्हते आणि कधी एका शब्दाने बोललीही नव्हती. समुद्राजवळ बदली झालीच आहे, तर आई नसताना तिला एकदा चांगलं पापलेट खाऊ घालावं, एवढीच साहेबांची इच्छा. लिपिकापासून लपवायचं कारण असं की तो त्यांच्याच इमारतीत राहतो आणि त्याची आई साहेबांच्या आईबरोबर भजनाला बसते.

मला प्लायवूडला छिद्र पाडून त्यातून निघून जावंसं वाटत होतं. मी साहेबांची हात जोडून माफी मागितली. ते चांगले म्हणून म्हणाले की चूक माझीही आहे, मी कुजबुजायला नको होतं.

निरीक्षक बाईंनी दोन्ही तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही वाचल्या. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, 'ताई, या सगळ्या प्रकरणात गुन्ह्याचा लेखी पुरावा एकच आहे. तो तुमचा संदेश.'

मेहताकाका खुर्चीत मागे सरकले. म्हणजे माझ्यापासून लांब.

बाईंनी मला फार ताणलं नाही. दोघांचे खुलासे लिहून घेतले, सह्या घेतल्या आणि मला समजावलं की संशय आला की सरळ आमच्याकडे यायचं, मधे स्वतःची हुशारी चालवायची नाही. आणि म्हणाल्या, तुम्ही दोघंही न घाबरता इथपर्यंत आलात, हे मात्र मला आवडलं. ते ऐकून मी जराशी सावरले.

शेडच्या फाइलला इंगळे साहेबांनी नंतर हात लावला नाही. त्यांनी स्वतःच वर लिहून कळवलं आणि दुसऱ्या अधिकारी आल्या. मी मागचं दार बाहेर उघडणारं करून घेतलं होतं, त्यांनी ते ढकलून बघितलं आणि परवानगी रीतसर आली. कापणीआधी मशीन सुरू झालं. सुंदरने बटण दाबलं. त्या दिवशी कारखान्यात मी सगळ्यांना पेढे वाटले. पेढेच हो, खरे.

आणि पापलेट? ते राहून कसं चालेल. एका रविवारी मी आणि माझा नवरा साहेबांना आणि वहिनींना घेऊन आमच्या जवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथली हिराबाय कोळीण माझ्या ओळखीची. नुकत्याच होड्या लागल्या होत्या. वहिनींनी टोपलीत वाकून स्वतः पापलेट निवडलं, कल्ले उघडून बघितले, आणि साहेब त्यांच्याकडे असे बघत होते की मी तोंड दुसरीकडे वळवलं. पैसे साहेबांनीच दिले. मला पिशवीसुद्धा धरू दिली नाही. वर हिराबायकडे पावती मागितली.

हिराबाय कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, 'माशाची पावती? ताई, यो पाव्हणा कुठला हाय?' पण साहेब हलेनात. शेवटी माझ्या नवऱ्याने सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहून दिलं आणि हिराबायने खाली अंगठ्याला लागलेल्या खवल्यांसकट सही केली. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना वाळूत बसावं लागलं. आता त्या माझ्या चांगल्या मैत्रीण आहेत, दर आठवड्याला फोन असतो.

सगळं गोड झालं म्हणायचं. पण पुढच्याच महिन्यात मोहिमेचं दुसरं शिबिर होतं. हॉल भरलेला, तेच मिशीवाले साहेब. त्यांनी पडद्यावर एक संदेश दाखवला. पाठवणाऱ्याचं नाव झाकलेलं होतं. 'लाच कशी देऊ केली जाते, याचा हा उत्तम नमुना,' ते म्हणाले. 'यात आधी काम आहे, मग वस्तू आहे आणि शेवटी गुप्ततेची हमी. सांगा बघू, हा लिहिणारा माणूस कसा असेल?'

अधिकाऱ्यांच्या रांगेत इंगळे साहेब छताकडे बघत बसले होते. माझ्या शेजारचे प्लॅस्टिकच्या पिंपांचे कारखानदार उठून म्हणाले की साहेब, हा नवखा नाही, याचा हात चांगला बसलेला दिसतो. सगळ्या हॉलने माना हलवल्या.

मीही हलवली. नसती हलवली, तर संशय आला असता.