काकांना पापा दे

दम्माममधल्या आमच्या कंपाउंडात त्या काळात दर गुरुवारी संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा निरोपसमारंभ असायचा. सौदीकरण जोरात होतं. ऑफिसातल्या एकेका खुर्चीवर तरुण सौदी येऊन बसायचा आणि त्या खुर्चीतला नाशिकचा नाहीतर पुण्याचा इंजिनिअर समोसे खाऊन, डोळे पुसून विमानात बसायचा. माझा इकामाही, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. तो वाढवायचा की 'खलास' म्हणायचं, हे आमच्या नव्या मुदीरच्या, म्हणजे साहेबाच्या हातात होतं.

अशा दिवसांत कंपाउंडातल्या मुलांच्या डॉक्टरबाईंनी आईबापांसाठी एक वर्ग ठेवला. विषय होता, मुलांना लैंगिक अत्याचारापासून कसं जपायचं. विषय कळताच निम्म्या बापांना ऑफिसातली कामं आठवली. मलाही आठवली होती, पण बायकोने माझ्या चपला आधीच दाराबाहेर नेऊन ठेवल्या होत्या.

डॉक्टरबाईंना एक प्रसंग करून दाखवायचा होता. त्या होणार शेजारचे प्रेमळ काका आणि मूल व्हायला कुणीतरी हवं होतं. बायकोने कोपर मारलं आणि मी ढेरीसकट बालक म्हणून उभा राहिलो.

"बाळ, इकडे ये. मांडीवर बस, चॉकलेट देतो," काका म्हणाले. "आणि आईला सांगायचं नाही हं! आपलं गुपित."

मी 'नाही' म्हणायचं, मागे सरकायचं आणि आईकडे जाऊन सांगायचं, इतकं सोपं काम होतं. मी चॉकलेट घेतलं, कागद सोलला आणि तोंडात टाकून म्हणालो, "थँक यू, काका."

हॉलमध्ये असा हशा उठला की बाहेरचा वॉचमन आत डोकावून गेला.

"अहो, काय हे! नाही म्हणायचं होतं!"

"पण डॉक्टरबाई, आत बदाम होता."

"मुलांनाही बदामच दिसतो," त्या शांतपणे म्हणाल्या.

मग त्या पुढे बोलू लागल्या. हा काका बहुतेक वेळा अनोळखी नसतो, आपल्याच ताटाला ताट लावून जेवलेला असतो. आणि आपण मुलांना काय शिकवतो? "पाहुणा आला की आपण म्हणतो, 'काकांना पापा दे.' मूल मागे सरकतं, आपण त्याला पुढे ढकलतो. घरात ज्याचं 'नाही' चालत नाही, ते बाहेर 'नाही' कुठून आणणार?"

सगळे बाप खाली बघू लागले. मला खाली बघूनही भागेना, कारण बायको माझ्याकडेच बघत होती. आमची सहा वर्षांची लेक माझ्या हुकमावरून अर्ध्या दम्मामला पापे वाटून आली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी लेकीला समोर बसवलं. अंगाचे खाजगी भाग कोणते, ते सांगितलं. तुझं अंग तुझं आहे, नको वाटलं तर मोठ्यांनाही नको म्हणायचं, आणि कुणी गुपित ठेवायला सांगितलं तर ते आधी आम्हाला येऊन सांगायचं. आम्ही रागावणार नाही.

"प्रॉमिस?" तिने विचारलं.

"प्रॉमिस!" मी छाती फुगवून म्हणालो.

पुढच्याच शुक्रवारी मुदीर आमच्याकडे जेवायला आला. बोलावणं माझंच. बायकोची बिर्याणी पोटात गेल्यावर इकामा आपोआप वाढेल, असा माझा हिशेब. मुदीर बुरैद्याचा. गावाकडच्या खजुरांची पेटी घेऊन तो हसत आत आला. लेकीला पाहून "माशाल्ला, माशाल्ला" म्हणाला आणि खाली वाकून त्याने दोन्ही हात पसरले.

लेक सोफ्यामागे गेली. "नो, थँक यू," ती म्हणाली.

पसरलेले हात तसेच राहिले. माझ्या डोळ्यांसमोर समोसे आले, हारतुरे आले, विमान आलं. तोंड आपोआप उघडलं, "अगं, असं काय करतेस? काकांना एक..."

पुढचा शब्द जिभेवर होता. स्वयंपाकघराच्या दारात बायको झारा घेऊन उभी होती, पण मी तिला घाबरलो नाही. (थोडा घाबरलो.) मी पाहिलं ते लेकीकडे. ती मुदीरकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, बाबाचं प्रॉमिस खरं का, हे तपासत.

"सर," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "आमच्या घरात मिठीचं खातं तिच्याकडे आहे. मला त्यात अधिकार नाही."

इतका वेडपट खुलासा मी आयुष्यात कुणाला दिला नसेल. मुदीर सावकाश सरळ झाला. मग त्याने उजवा हात आपल्या छातीवर ठेवला आणि मान लववली. बाईमाणसाशी हस्तांदोलन करायचं नसेल तेव्हा तिथले लोक अदबीने करतात, अगदी तसं. लेकीनेही सोफ्यामागून छातीवर हात ठेवून मान लववली.

"हिला हे कुणी शिकवलं?" जेवताना त्याने विचारलं.

मी वर्गाचं सांगितलं, बदामाचंही सांगितलं. हसता हसता त्याला बिर्याणीचा ठसका लागला. मग तो गंभीर झाला. त्याची बायको शाळेत शिकवत होती. "डॉक्टर आमच्या शिक्षिकांसमोर बोलतील का?" तो म्हणाला. "आमच्याकडेही काका फार आहेत, हबीबी."

इकाम्याचं त्याने त्या दिवशी अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही, आणि गंमत म्हणजे विचारायचं राहिलं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तो गेल्यावर मी सोफ्यावर आडवा झालो. लेक येऊन पोटावर बसली. मी नेहमीसारख्या गुदगुल्या सुरू केल्या. ती खिदळत होती, लोळत होती, आणि एकदम म्हणाली, "थांब."

एरवी ती थांब म्हणाली की मी जास्तच करायचो, बापाचा हक्क म्हणून. या वेळी हात जागच्या जागी थांबवले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कर."

मी केल्या.

"थांब!"

थांबलो.

"कर! थांब! कर! बाबा, थांब! आता कर!"

बायको आतून ओरडली, "अहो, चहा गार होतोय!" पण मला हुकूम सुटल्याशिवाय उठता येत नव्हतं.