रायगड पन्नासदा पाहिलेले पोपटकाका

आमच्या सोसायटीत दिवाळी वसुबारसेपासून सुरू होत नाही, पार्किंगच्या भांडणापासून होते. पोपटकाका जगदाळे गेटजवळच्या कोपऱ्यात विटा आणून टाकतात. तिथे गाडी लावणारे गृहस्थ खाली येऊन आरडाओरडा करतात. काका शांतपणे विचारतात, "महाराजांपेक्षा तुमची गाडी मोठी का?" या प्रश्नाला डोंबिवलीत अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही. गाडी हलते आणि तिथे किल्ला उभा राहतो.

हा किल्ला मी लहानपणापासून बघत आलेय. तेव्हा सोसायटी नव्हती, बैठी चाळ होती, आणि काका एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात कामाला होते. दसरा झाला की ते रोज घरी येताना एकेक रिकामं गोणपाट आणायचे. विटा-दगडांचा ढीग रचायचा, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर अंथरायचं आणि वर हळीव पेरायचे, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत गड हिरवागार. चिखल आम्ही मुलं कालवायचो, हुकूम काका सोडायचे. किल्ला दरवर्षी एकच, रायगड. एकदा आमच्यातला साईनाथ म्हणाला, "या वर्षी सिंधुदुर्ग करूया ना," तर काकांनी त्याला दोन दिवस चिखलाला हात लावू दिला नाही.

दिवाळीच्या कुठल्याही किल्ल्यात असते तशी आमच्याकडेही वाघाची गुहा असायची. आत मातीचा वाघ. तो इतका मोठा, की मनात आणलं असतं तर दोन मावळे नाश्त्याला खाल्ले असते त्याने. पण इतरांच्या गुहेला एक तोंड आणि आमच्या गुहेला तीन. फुटक्या माठाच्या तुकड्याला मागून दोन भोकं पाडून काका ती तयार करायचे.

"तीन कशाला काका?" मी विचारायचे.

"कारण खऱ्या रायगडाला तशीच आहे. एका तोंडातून आत गेलं की समोर शेजारी-शेजारी दोन. मी आत जाऊन आलोय ना! असं गार वारं लागतं, घाम कुठल्या कुठे पळतो."

"तुम्ही कितीदा गेलेलात?"

"पन्नासदा तरी."

आम्ही आ वासून ऐकायचो. नगारखान्यात कुजबुजलं, कागद फाडला तरी सिंहासनापाशी कसं ऐकू येतं, टकमक टोकावर पोटात कसा गोळा येतो, सगळं काकांच्या तोंडून असं यायचं की शाळेतल्या बाई इतिहास शिकवायला लागल्या की मला जांभया यायच्या.

या वर्षी काकांची पंचाहत्तरी. शाल आणि नारळ देऊन माणसाला खुर्चीत बसवायची कल्पना मला मुळीच पसंत नव्हती, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. तेव्हा साईनाथने तोड काढली. साईनाथ आता सॉफ्टवेअर कंपनीत मोठा साहेब आहे, त्याचं ट्रेकिंग म्हणजे डोंबिवली स्टेशनचा जिना. तो म्हणाला, "दिवाळी झाली की काकांना रायगडला नेऊ. रोपवे आहे, गुडघ्यांचा प्रश्न नाही. ते आपल्याला गड दाखवतील. आपण कुणीच तर बघितलेला नाहीये!" सगळे उड्या मारायला लागले. काकाही हसले, पण ते हसू मला जरा पातळ वाटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी कोलशेतच्या सासरहून माहेरी आले होते. जाईकाकू, म्हणजे पोपटकाकांच्या सौभाग्यवती, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"संचिता, कुणाला बोलू नकोस. ह्यांनी रायगड बघितलेला नाही."

"म्हणजे, बऱ्याच वर्षांत?"

"म्हणजे कधीच."

तेवढ्यात काका आतून आले, आमची तोंडं बघितली आणि काय ते समजले. पाचावर धारण बसलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात काकांच्या पाळीला मधु नावाचा मित्र होता, रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडचा. रंगाचं पिंप तापेपर्यंत दोघे गप्पा मारायचे, म्हणजे मधु बोलायचा आणि काका ऐकायचे. काकांचा सगळा रायगड मधुच्या तोंडचा. मधु बोलवायचाही, "चल की गावाला." पण एकाला रजा मिळाली की दुसऱ्याला त्याची पाळी सांभाळावी लागायची.

"आणि नंतर? रिटायर झाल्यावर?" मी विचारलं.

"नंतर कसा जाणार?" काका म्हणाले. "जो पन्नासदा गेलाय, त्याला पहिल्यांदा जायला तोंड कुठलं?"

यावर मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"बाकीचं मी निभावून नेईन," काका म्हणाले. "सिंहासन, बाजारपेठ, सगळं पुस्तकात आहे. पण ती गुहा कुठल्याच पुस्तकात दिसली नाही मला. मध्या एक नंबरचा थापाड्या. सावित्री नदीत मगरी असतात म्हणायचा! आज सकाळी त्याला सुरतेला फोन केला, मुलीकडे असतो तो. म्हटलं, खरं सांग, गुहा आहे की नाही. तर नुसता हसतोय. जाऊन बघ म्हणाला."

"मग सांगून टाका ना सगळ्यांना. साईनाथ हसेल, दुसरं काय?"

"साईनाथ हसू दे. सान्वीचं काय करू?"

सान्वी साईनाथची मुलगी, तिसरीत आहे. हल्ली किल्ल्याची मुख्य गवंडी तीच. वर्गातल्या निशा नावाच्या मुलीने म्हटलं होतं की रायगडावर वाघाची गुहा-बिहा काही नाही. त्यावर सान्वी तिच्याशी कडाकडा भांडली होती आणि सांगून आली होती, "आमच्या आबांनी बघितलीय. फोटो काढून आणते." काकांना ती आबा म्हणते. सख्खा आजोबा असता तरी इतका विश्वास ठेवला नसता त्या पोरीने, आणि त्या विश्वासाचंच काकांना भय वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो ट्रॅव्हलर शिळफाट्यालाच रखडली, तर काकांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. पण नशीब कुठलं! पनवेल, माणगाव, महाड करत गाडी वेळेवर पाचाडला पोचली. रोपवेच्या पाळण्यात काकांनी डोळे गच्च मिटून घेतले. साईनाथ म्हणाला, "बघा, किती भक्तिभाव!"

वर उतरलो आणि काकांनी डोळे उघडले. खाली दऱ्या, चहूकडे डोंगर, अंगावर ऊन. आयुष्यभर ज्याच्यावर न थांबता बोलले, तो समोर आल्यावर त्यांची वाचाच बसली. मला एकदम भरून आलं. पहिल्यांदा बघण्याचा आनंद या माणसाला झाला होता आणि तो लपवावा लागत होता, ही काय शिक्षा!

मग काका पुढे आणि आम्ही मागे. "हे राणीवसे," काका म्हणाले. तिथल्या पाटीवर धान्यकोठार लिहिलं होतं. "पूर्वी पाटी नव्हती," काका म्हणाले. डावीकडे जायचं तर ते उजवीकडे वळायचे आणि वाट संपली की "मुद्दाम आणलं तुम्हाला, इथून दृश्य छान दिसतं" असं सांगायचे. दृश्य खरोखरच छान असायचं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

राजसदरेवर आम्ही चपला काढल्या, महाराजांना नमस्कार केला. जाईकाकूंनी पदराने डोळे टिपले. एवढ्यात सान्वी म्हणाली, "आबा, आता गुहा!"

"दाखवतो हं," म्हणत काका जवळजवळ पळालेच. समोरचं अंगण ओलांडून थेट नगारखान्याच्या कमानीखाली जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. काकांनी माझा हात धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "संचिता, मी पहिल्यांदाच आलोय गं. ती गुहा आता कुठून पैदा करू?"

ज्या माणसाने दर दिवाळीला मुलांना सांगितलं की नगारखान्यात कुजबुजलं तरी सिंहासनापाशी ऐकू येतं, त्याने नगारखान्यात उभं राहून हे कुजबुजावं! आणि सान्वी त्याच्याच शिकवणीप्रमाणे सिंहासनापाशी कान देऊन उभी होती. आबा कमानीत गेले म्हणजे आता कागद फाडणार, अशी तिची समजूत.

ती धावत आली. पाठोपाठ बाकीचेही आले.

"आबा, तुम्ही पहिल्यांदा आलात?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण काकांनीच मला थांबवलं.

"हो बाळा. पहिल्यांदा."

"आणि पन्नासदा?"

"एकदाही नाही."

"मग गुहा खोटी?"

"माहीत नाही," काका म्हणाले. रायगडाबद्दल हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकले नव्हते. मग त्यांनी मधुबद्दल, पाळीबद्दल, सगळं तिला सांगितलं.

साईनाथने डोक्याला हात लावला. "काका, सगळ्यांचा पोपट केलात की राव!" असं म्हणून तो खाली बसून हसायला लागला, आणि मग सगळेच. सान्वी मात्र हसली नाही. ती जाऊन एका दगडावर पाठ करून बसली. काकांनी लांबूनच तिच्याकडे बघितलं.

होळीच्या माळाच्या बाजूला एक ताकवाली बसली होती. मी सगळ्यांना ताक घेतलं आणि सान्वीसमोर पेला धरला. तिने तो घेतला नाही. वर त्या बाईलाच जाब विचारल्यासारखं विचारलं, "इथे वाघाची गुहा आहे की नाही?"

"वाघबीळ व्हय?" ताकवाली म्हणाली. "ती हितं वर नाय. खाली पाचाडच्या खिंडीत हाय."

"वाघबीळ तर आमच्या कोलशेतच्या शेजारी, घोडबंदर रोडला!" मी म्हटलं.

"तुमचं आसंल," ताकवालीने मला झटकून टाकलं. "आमचं हितं. तीन तोंडांची गुहा हाय."

काकांच्या हातातलं ताक अर्धं सदऱ्यावर सांडलं. "तीन?" ते म्हणाले. "बाई, नक्की तीन?"

"दात मोजल्यावानी मोजून ठेवल्यात," ती म्हणाली.

गड राहिला बाजूला. टकमक टोक, बाजारपेठ, काही न बघता खाली उतरणारे आम्ही पहिलेच असू. खिंडीतून वर जायला छोटीच चढण आहे, पण उभी. जाईकाकूंनी "गुडघे काय म्हणतील" असं विचारलं, तर काका म्हणाले, "गुडघ्यांना म्हणावं, नंतर बोलू." मध्येच दम लागून ते थांबले. सान्वी पुढे गेली होती. तिने मागे वळून बघितलं, थोडा विचार केला, परत खाली आली आणि त्यांचा हात धरला.

आणि गुहा होती. खरोखर होती! एका तोंडातून आम्ही आत शिरलो आणि समोर शेजारी-शेजारी दोन तोंडं, त्यांतून लख्ख आभाळ, खाली पाचाडची घरं. वारा असा आला की काकांची टोपी उडाली. सान्वीने ती हवेतच झेलली आणि किंचाळली, "आबा, तीन! तीनच आहेत!" काका मध्यभागी उभे राहून लहान मुलासारखे रडत होते आणि हसतही होते. मी पण रडले, लपवत नाही. घाम खरंच कुठल्या कुठे गेला होता.

सान्वीने निशासाठी पुष्कळ फोटो काढले. मग काका म्हणाले, "साईनाथ, मध्याला लाव." साईनाथने फोन लावून स्पीकरवर टाकला. मधुकाकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे काका सगळ्या गुहेला ऐकू जाईल असे ओरडत होते.

"मध्या, पोपट बोलतोय! गुहा आहे रे!"

"मंग? मी काय सांगत होतो?"

"तीन तोंडं आहेत!"

"सांगितलेलं ना तुला!"

"इतकी वर्षं मला वाटायचं तू थाप मारलीस. चुकलो मी मध्या. तू खरं बोलला होतास."

पलीकडून खोकला ऐकू आला. मग मधुकाका म्हणाले, "पोपट्या, आता तुला एक सांगू का? मी आत कधी गेलेलोच नाय. माझा आजा सांगायचा ते मी तुला सांगितलं. आम्ही पोरं खालनंच दगड मारून पळायचो, वाघाला भिऊन. मग डोंबिवलीला आलो, ते राहिलंच."

गुहेत असा हशा उसळला की आत वाघ असता तर तोच पळाला असता. जाईकाकू भिंतीला टेकून हसत होत्या.

"ए पोपट्या," फोनमधून आवाज आला, "तू आत उभा हायेस ना? मंग सांग की मला. कशी हाय आतनं?"

काकांनी नेहमीसारखं चटकन तोंड उघडलं. आणि मिटलं. सान्वीच्या हातातली टोपी घेऊन डोक्यावर नीट बसवली, आणि वर छताकडे, मग तिन्ही तोंडांकडे सावकाश मान फिरवली.

"थांब जरा, मध्या," ते म्हणाले. "नीट बघून सांगतो."