पक्ष्याचं लाल मांस

फौजदारांनी प्लेट माझ्यासमोर सरकवली. तिच्यात अर्धवट कापलेला स्टेक होता. कडेला तपकिरी, मधोमध गुलाबी, खाली थोडं लालसर पाणी सुटलेलं.

"शेफ, काय आहे हे?"

"इमू."

"म्हणजे ते शहामृगासारखं पाखरू?"

"होय."

त्यांच्या मागे, तक्रार करून त्यांना घेऊन आलेले पाच-सहा तरुण उभे होते. त्यांतला एक पुढे आला. "सायेब, पाखराचं मटन आसलं लाल आसतंय व्हय? कोंबडी लाल कवा बघितलीया का तुमी?"

रविवारची दुपार. सांगलीच्या विश्रामबागमधल्या आमच्या हॉटेलचा हॉल भरलेला आणि सगळ्यांचे घास हातातच थांबलेले. ज्यांच्यासाठी तो स्टेक केला होता, ते परदेशी पाहुणे काही न समजून एकमेकांकडे बघत होते.

हे पाहुणे इंजिनिअर होते. जवळच्या कारखान्यात नवीन मशिनरी बसवायला आलेले. आठवडाभर त्यांनी निमूट चिकन खाल्लं आणि मग बीफ मिळेल का म्हणून विचारलं. गाय-बैलाला आपल्याकडे कायद्याने बंदी. म्हशीला नाही, पण आमचे मालक अण्णा त्यालाही तयार नव्हते.

"शेफ, गोऱ्यांना तसलंच कायतरी द्या. पन आपल्या दारात मोठ्याचं न्हाई."

मोठ्याचं म्हणजे गाई-म्हशीचं. आमच्याकडे त्याचं नाव एवढ्यावरच थांबतं.

इमू मीच सुचवला. अण्णांच्या सोयऱ्यांनी म्हसवडकडे इमूपालन केलं होतं. ते वेड ओसरलं, पक्षी तेवढे मागे राहिले. सोयरे फोनवर म्हणाले, "न्या की. नुस्तं खात्यात आनि माझ्याकडं बघत्यात."

इमूला उडता येत नाही. त्यामुळे कोंबडीसारखी छाती त्याला नसतेच, तिथे सपाट हाड. सगळं मांस मांडीला. रोज धावणारी मांडी, म्हणून मांस गडद लाल. कच्चा तुकडा बघितला तर तो पक्ष्याचा आहे असं कुणी म्हणणार नाही.

तो कापायला खाटीक मिळेना. शेवटी दस्तगीरभाई तयार झाले. आमच्या हॉटेलला मटण त्यांच्याकडूनच यायचं. पक्षी त्यांच्या दुकानापुढे टेम्पोतून उतरवला तेव्हा त्यांनी त्याचे पाय बघितले आणि म्हणाले, "आवं शेफ, ह्ये पाखरू हाय का सायकल?"

पहिल्यांदा आमच्या बाबूराव आचाऱ्यांनी तो मटणासारखा केला. कांदा-लसूण मसाला, कुकर, शिट्ट्या. शिजलं नाही म्हणून आणखी शिट्ट्या. रस्सा झकास झाला, पण तुकडे चपलेच्या तळव्यासारखे. आमच्या भागातला कुणीही हेच करील. मटण कच्चं राहता कामा नये, हे आमच्या अंगातच मुरलेलं असतं. इमूचं उलटं आहे. त्यात चरबी जवळजवळ नाही. जितका जास्त शिजवाल तितका तो आवळत जातो.

मग मी केला. तुकड्याला तेल चोळलं, मीठ-मिरी लावली. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. दोन्ही बाजू झटपट भाजून घेतल्या आणि तुकडा उतरवून झाकून ठेवला. याला रेस्ट देणं म्हणतात. आतला रस त्या वेळात पुन्हा मांसात मुरतो. कापल्यावर जे लाल पाणी दिसतं ते रक्त नव्हे, मांसाचा रस असतो.

बाबूराव बघत होते. "शेफ, ह्ये कुठं शिकला?"

"बोटीवर."

"बोटीवर तुमी पाव-केकच्या खात्यात हुता न्हवं?"

मी तवा पुसायला घेतला.

बाबूरावांना जे ठाऊक होतं तेच सगळ्यांना ठाऊक होतं. मी वाईचा. वडील घाटावर पौरोहित्य करायचे. मी प्रवासी जहाजावर नोकरी धरली तेव्हा घरी सांगितलं, की बेकरीत आहे. पहिले काही महिने ते खरंही होतं. पुढे मला ग्रिलवर घेतलं आणि मग कित्येक वर्षं मी बीफ स्टेकच भाजले. चाखल्याशिवाय ग्रिल चालवता येत नाही. मी चाखले. नंतर ड्यूटी नसतानाही खाल्ले, हेही इथे लिहून टाकतो. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचा मुलगा साहेब लोकांचे पाव भाजतो."

आता पुन्हा त्या रविवारकडे येतो.

फौजदार शांत माणूस होते. त्यांनी आधी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "पक्षी आमच्या पाव्हन्यानंच धाडला. पन दुकानातनं पेटीत काय आलं, त्ये मी कशाला बघतोय?" पुराव्याला पिसं तरी मिळतात का बघायला बाबूरावांनी दुकानात फोन केला. पिसं, पाय, सगळं सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेलेलं.

मग फौजदार माझ्याकडे वळले. "तुम्ही स्वतः हाताळलंय. गाईचं नाही हे छातीठोक सांगाल? आणि कशावरून?"

मी सांगू शकत होतो. बीफ तव्यावर पडलं की त्याच्या चरबीचा वास सगळ्या किचनभर होतो. हा तुकडा तापल्यावर तसला वास आलाच नव्हता. कच्च्या बीफच्या धाग्यांत चरबीच्या पांढऱ्या रेषा असतात, यात एकही नव्हती. त्या हॉलमध्ये हे अनुभवाने सांगू शकणारा, आणि ज्याचं ती पोरं ऐकतील असा, मी एकटा होतो. पण पुढचा प्रश्न 'तुम्हाला कसं ठाऊक' हाच आला असता. एका पोराने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला होता. मी बोललो असतो ते संध्याकाळपर्यंत वाईला, आईपर्यंत पोचलं असतं.

मी म्हणालो, "साहेब, गाईचं कसं असतं ते मला कसं कळणार? मला जे दिलं ते मी भाजलं."

"दिलं कुणी?"

"दस्तगीरभाईंनी."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचं सगळं दस्तगीरभाईंच्या दुकानाकडे सरकलं. मी किचनमध्ये परत गेलो. हॉलमध्ये बिर्याणीची ऑर्डर अडकली होती, ती काढली.

भाईंना चौकीवर नेलं. दुकानाला सील लागलं, नमुना तपासायला गेला. रिपोर्ट आला तेव्हा त्यात पक्ष्याचं मांस असंच होतं. सील निघालं. पण मधल्या काळात गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं होतं. कुणी भांडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. 'उगाच कशाला' म्हणत लोक दोन दुकानं पुढे जायचे. आमच्या अण्णांनीही मटणवाला बदलला आणि मी त्यावरही काही बोललो नाही. भाईंनी दुकान बंद केलं आणि ते जयसिंगपूरला जावयाच्या चिकन सेंटरवर बसू लागले.

मी तिथे गेलो ते आई वारल्यानंतर. ती असताना गेलो असतो तर त्या जाण्याला काही अर्थ होता, हे मला कळतं.

भाई कोंबडी साफ करत होते. मला बघून त्यांना बरं वाटलं. "शेफ! या, बसा. चहा सांगू?"

"नको. भाई, मला त्या दिवशी ठाऊक होतं."

"काय?"

"ते गाईचं नाही ते. बोटीवर मी वर्षानुवर्षं तेच भाजलं. खाल्लंसुद्धा."

त्यांनी सुरी खाली ठेवली. फडक्याला हात पुसले.

"आनि मी घरात सगळ्यास्नी सांगत हुतो," ते म्हणाले, "शेफवर राग धरू नगा. बामनाचं लेकरू, त्याला मोठ्याचं काय ठावं. खरंच ठावं न्हवतं म्हनून गप बसला."

"भाई, माफ करा."

"माफीचं सोडा वो. माज्यापाशी एकट्याजवळ बोलून काय उपेग? जितं समदी हुती, तितं बोलायचं हुतं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. भाईंनी सुरी उचलली. चहाचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जिथे सगळे होते ती जागा आता मला मिळणार नाही. म्हणून हे छापायला दिलं आहे. त्या दिवशी जेवणारी माणसं सांगलीचीच होती, काही जण वाचतील. दस्तगीरभाईंनी जे मांस दिलं ते इमूचंच होतं, आणि तव्यावर टाकण्याआधीच मला ते कळलं होतं.

आमच्या मेन्यूवर आता इमू नाही. हाताखाली येणाऱ्या नव्या कुकना मी एक मात्र सांगतो: हे काय आहे असं गिऱ्हाइकाने विचारलं, तर सगळं उत्तर देता येईल तोच पदार्थ बाहेर पाठवायचा. ते मान डोलावतात. त्यांना वाटतं, मी ॲलर्जीबद्दल बोलतोय.