दाराबाहेरचं टमरेल

मैमुनाबी मुलांना रागे भरायच्या आधी त्यांची नाकं पुसायच्या. त्यामुळे राग निम्मा तिथंच संपायचा.

त्या रत्नागिरीकडच्या. चौसष्ट साली आखातातल्या अजमानला, आपल्या घराच्या अंगणात झावळ्यांच्या सावलीत त्यांनी वर्ग सुरू केला. मुलं आपल्याच कोकणी मुसलमानांची; काही व्यापाऱ्यांची, काही खलाशांची. गणित मी शिकवायचो, बाकी सगळं त्या. पुढे व्यापाऱ्यांनी कमिटी केली, दोन खोल्या बांधल्या आणि दारावर ‘अकॅडमी’ अशी पाटी लावली. मैमुनाबींनी त्या दिवशी शिरा वाटला.

वर्गात पाण्याचा एक माठ आणि एकच पेला होता. एके दिवशी कमिटीचे अध्यक्ष कमरुद्दीनशेठ तुपाच्या डब्याचं टमरेल घेऊन आले आणि त्यांनी ते दाराबाहेर खिळ्याला टांगलं.

“हे खलाशांच्या पोरांसाठी.”

“का, शेठ?”

“घराणं बघावं लागतं, बाई.”

“मशिदीत तर खांद्याला खांदा लावून उभे राहता!”

“मशिदीचं वेगळं.”

“आणि इथं आलात ते आपल्या वर्गातल्या कुबराच्या बापाच्या गलबतातून. वाटेत पाणी कुणाच्या हातचं प्यालात?”

“तेव्हा इलाज नव्हता.”

सेक्रेटरी हमदुल्ला हसला. “बाई, टमरेल कोरं करकरीत आहे. आणखी काय पाहिजे? खलास!”

“हे चालवून घ्यायचं नसेल,” शेठ म्हणाले, “तर उद्यापासून येऊ नका.”

मला शिसारी आली. नमाजाला हात-पाय धुऊन निघालेली ही स्वच्छ माणसं!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आठ वर्षांची कुबरा टमरेल घेऊन नाचत आत आली. “बाई, हे आमचं? नवीन आहे!”

मैमुनाबींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि रस्त्यावर भिरकावलं. पेला भरून तिला पाजला. मग ओढणी सावरून त्या निघाल्या आणि खलाशांची मुलं त्यांच्या मागे चालू लागली.

त्यांनी घरी पुन्हा वर्ग भरवला. मीही तिकडेच जायला लागलो. मैमुनाबी व्यापाऱ्यांच्या घरी स्वतः बोलवायला गेल्या. बायकांनी चहा दिला, “इन्शाल्ला” म्हटलं. मूल मात्र एकीनंही पाठवलं नाही. अकॅडमीत आता फक्त घराण्यांची मुलं उरली. कमरुद्दीनशेठना हवं होतं ते टमरेलाशिवायच मिळालं.